आजीचा स्वभाव

माझ्या आजोळच्या बायकांना थंडी फार वाजते. वाईला पौष-माघात ती सगळ्यांनाच वाजते, पण आजी चैत्रातसुद्धा खांद्यावर शाल घेऊन माजघरात बसलेली असायची आणि पावसाळाभर तिच्या पायातले लोकरी मोजे निघायचे नाहीत. आवाज जाडसर, घोगरा. भुवयांची बाहेरची टोकं विरळ होत होत जवळजवळ गेलेली. चालणं सावकाश, बोलणं त्याहून सावकाश; काही विचारलं तर उत्तर यायला इतका वेळ लागायचा, की विचारणारा तोवर दुसऱ्या कामाला लागलेला असायचा. "तिचा स्वभावच तसा," असं आम्हा नातवंडांना सांगितलेलं होतं. त्यात कुणाला काही खटकत नव्हतं. फक्त घरातली एखादी मुलगी भाजी निवडता निवडता बसल्या जागी पेंगली, की तिला ऐकून घ्यावं लागे: आजीच्या वळणावर गेलीस.

चाळिशी ओलांडल्यावर हे वाक्य माझ्या वाट्याला आलं. मी नेरूळला राहते आणि बेलापूरला कोकण भवनात नोकरीला जाते. मधे सीवूड्स हे एकच स्टेशन. एवढ्याशा प्रवासातही मला डुलकी लागायला लागली. दुपारच्या जेवणानंतर फाइलमधली एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायची आणि तरी ती डोक्यात शिरायची नाही. केस विंचरले की फणीत पुंजका यायचा, संध्याकाळी चेहरा आणि पावलं सुजल्यासारखी वाटायची, आणि मे महिन्यात ऑफिसच्या एसीखाली मी स्वेटर घालून बसायचे. आई माझ्याकडेच असते. एक दिवस माझ्याकडे नीट बघून ती म्हणाली, "अगदी माझ्या आईसारखी दिसायला लागलीस गं." ती मायेनेच म्हणाली होती. मी मात्र नंतर बराच वेळ आरशासमोर उभी राहून भुवया बघत होते.

डॉक्टरबाईंनी रक्त तपासायच्या आधी पाय तपासले. खुर्चीवर गुडघे टेकवून पाठमोरं उभं राहायला सांगितलं, पावलं मागे मोकळी सोडलेली. टाचेच्या वर जी जाड शीर लागते, तिच्यावर रबरी हातोडीचा हलकासा ठोका. पाऊल झटकन ताणलं गेलं, तिथवर ठीक होतं. पण मूळ जागी परत येताना ते रेंगाळलं. मला वळून बघता येत नव्हतं, तरी आपलाच स्नायू सैल पडायला वेळ घेतोय हे स्पष्ट कळत होतं. त्यांनी दुसऱ्या पायावर ठोका दिला. तोच प्रकार. "रिपोर्ट येईल उद्या," त्या म्हणाल्या, "पण मला उत्तर मिळालं." त्या खुर्चीवर उभी असतानाच मला आजी माजघरातून ओसरीवर येताना दिसली, एक पाऊल टाकून दुसरं टाकायच्या आधी क्षणभर थांबणारी. तिच्या पायावर अशी हातोडी कुणी कधी मारली नव्हती.

रिपोर्टमध्ये टीएसएच 46 होतं, टी-4 म्हणजे थायरॉक्सिन बरंच खाली, आणि थायरॉइडविरोधी अँटीबॉडीज भरपूर. माझी ग्रंथी कमी काम करते, तर मग आकडा एवढा मोठा कसा, असं मला वाटलं. पहिला रिपोर्ट हातात घेतलेल्या बहुतेकांना वाटतंच. टीएसएचचा आकडा थायरॉइडचा नसतो, मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीचा असतो. हाक मारूनही पोर ओ देत नाही म्हटल्यावर आई आवाज चढवते, तसा तो चढतो. रक्तातलं टी-4 निम्म्यावर आलं तर टीएसएच कित्येक पटींनी, कधी कधी शंभर पटींच्या घरात वाढतं. म्हणून डॉक्टर आधी ते बघतात. थायरॉइड कुरकुरायला लागल्याचं पियुषिकेला माणसाच्या आधी कळतं.

अँटीबॉडीज म्हणजे माझ्याच शरीराने माझ्या ग्रंथीला परकं ठरवलं होतं. या आजाराला हाशिमोटो यांचं नाव आहे. हाकारू हाशिमोटो हे जपानचे तरुण शल्यचिकित्सक. 1912 साली त्यांनी चार बायकांच्या ग्रंथींत सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसलं त्याचं वर्णन एका जर्मन नियतकालिकात छापलं, आणि पुढे ते आपल्या गावी परतून साधी डॉक्टरकी करत राहिले. शरीर स्वतःवरच उलटतं, ही गोष्ट सिद्ध व्हायला 1956 साल उजाडावं लागलं. लंडनमध्ये रॉइट, डोनिआक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या रक्तात त्या अँटीबॉडीज दाखवून दिल्या. हाशिमोटोंचे पेशंट चारच होते आणि चारही बायका होत्या. हे वाचल्यावर मी थोडा वेळ पुस्तक मिटून ठेवलं. त्या चौघींनाही कुणी ना कुणी सुस्त म्हटलं असणार.

वाईच्या घरात ज्या आजाराचं नाव कधी उच्चारलं गेलं नाही, त्याच्या मोजमापाचं आणि उपचाराचं जाळं मी राहते त्या जागेच्या अवतीभवतीच पसरलेलं आहे, हे कळल्यावर मला विलक्षण वाटलं. नेरूळहून ठाण्याच्या गाडीत बसलं की जुईनगरनंतर तुर्भे येतं. तिथल्या एमआयडीसीत थायरोकेअरची मुख्य प्रयोगशाळा आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातून रक्ताच्या नळ्या रात्रीच्या विमानांनी येतात आणि तिथे तपासल्या जातात. ती काढणारे वेलुमणी मूळचे तमिळनाडूचे. भाभा अणुसंशोधन केंद्रात नोकरी करता करता त्यांनी थायरॉइडच्याच जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट केली आणि 1996 साली स्वतःची प्रयोगशाळा सुरू केली. तिचं नावही थायरॉइडवरूनच पडलं. सीएसएमटीच्या गाडीत बसलं तर तिसरं स्टेशन वाशी. तिथे अणुऊर्जा विभागाचं 'ब्रिट' आहे, विकिरण आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ. किरणोत्सारी औषधं तिथून देशभरच्या रुग्णालयांत जातात, त्यात थायरॉइडसाठीचं आयोडीन-131 असतं, आणि टी-3, टी-4, टीएसएच मोजायची किटंही तिथून गेलेली आहेत. वाशीच्या पुलावर गाडी आली की डाव्या हाताला खाडीपलीकडे ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. हे आयोडीन तयार होतं त्या अणुभट्ट्या त्याच्या पलीकडच्या अंगाला. रोज लाखभर माणसं तो डोंगर बघत जातात. त्यातल्या कितीजणींच्या पर्समध्ये थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली असेल, असा विचार आता माझ्या मनात येतोच. काही वर्षांपूर्वी मुंबईसह 8 शहरांत पाच हजारांवर प्रौढांची तपासणी झाली, तेव्हा सुमारे 11 टक्क्यांची ग्रंथी मंद निघाली होती. डब्यात नऊ-दहाजणी बसल्या असतील तर एक.

ट्रॉम्बेच्या त्या आयोडीननेच माझी धाकटी मावशी वाचली, असं आमच्या घरात म्हणतात. मावशी आजीच्या अगदी उलट. बारीक, तरतरीत, एका जागी न बसणारी, शब्दाला शब्द देणारी. लग्नानंतर ती आणखीच बारीक झाली, डोळे मोठे दिसायला लागले, हात थरथरायचे, पंखा कितीही वाढवला तरी तिला उकडायचं. सासरी "फार तापट आहे" म्हणून तिचं नाव झालं आणि दोन्हीकडच्या माणसांनी ते मान्य करून टाकलं. मान जरा फुगल्यासारखी दिसत होती. ते पाणी बाधलं म्हणून, असा एक समज. 1984 साली एका डॉक्टरांनी तिची नाडी धरली आणि लगेच परळला पाठवलं. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण औषध केंद्र आहे, 1963 पासूनचं. ग्रेव्ह्जचा आजार निघाला. थायरॉइड अतोनात काम करत होती.

ते औषध कसं दिलं, हे मावशी अजून सांगते. शिशाच्या जाड डब्यातून छोटी बाटली बाहेर आली, देणारा माणूस ती ठेवून चार पावलं मागे सरला, आणि तिला ते पाण्यासारखं औषध नळीने ओढून प्यायला सांगितलं. चव काहीच नव्हती. थायरॉइडला आयोडीन हवंच असतं. ती ते किरणोत्सारी आहे की साधं हे बघत नाही, ओढून घेते, आणि त्यानेच तिच्या अतिरिक्त पेशी मरतात. आठ दिवसांनी त्याचा जोर निम्मा होतो. त्या दिवसांत मावशीचा अडीच वर्षांचा मुलगा आमच्याकडे ठेवला होता. तो दार वाजलं की धावायचा. पुढे मावशीची ग्रंथी थंडावली आणि तिलाही आता मी घेते तीच थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली. सासरची माणसं म्हणाली, "आता कशी शांत झाली." चाळीस वर्षं झाली, त्या वाक्याचा राग मावशीच्या मनातून गेलेला नाही, आणि तो आजाराचा राग नाही, तो तिचा स्वतःचा आहे.

एकाच घरात एकीची ग्रंथी मंद आणि दुसरीची बेफाम, हे मला आधी परस्परविरोधी वाटलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, मूळ एकच. शरीर थायरॉइडवर उलटतं. कुणाच्यात ते तिला मारत राहतं, कुणाच्यात पळवत राहतं. त्यामुळे दोन्ही प्रकार एकाच कुटुंबात सापडणं अगदी नेहमीचं.

गोळीचं बोलायचं तर ती फार छोटी आणि फार हट्टी. पहाटे उठल्यावर अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि मग निदान अर्धा तास, शक्यतो तासभर, चहा नाही. ज्या घरात दात घासून झाले की पहिला आवाज आधणाचा, तिथे हा तास किती लांब असतो हे मराठी माणसाला सांगायला नको. नेरूळच्या पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते, मिठाला पाणी सुटतं. गोळीला दमट हवा चालत नाही, म्हणून बाटली स्वयंपाकघरातून उचलून कपड्यांच्या कपाटात ठेवली. पहिल्या वर्षी 75 मायक्रोग्रॅमवर माझं सगळं जागेवर आलं. सूज उतरली, आवाज सुटला, दुपारची ती चिकट झोप गेली.

मग पाळीचा त्रास वाढला, हिमोग्लोबिन उतरलं, दुसऱ्या एका दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. न्याहारीनंतर घ्या म्हणाले. लोह आणि कॅल्शियम पोटात थायरॉक्सिनला धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. दोन्हींत चार तासांचं अंतर लागतं. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. टीएसएच पुन्हा चढलं. थायरॉइडची गोळी 100ची झाली, मग 125ची. यथावकाश लोहाच्या गोळ्या संपल्या, बंद झाल्या, आणि 125 मायक्रोग्रॅम एकदम सगळेच्या सगळे अंगात जायला लागले.

तो महिना मला विसरता येणार नाही. सुरुवातीला सगळं छान वाटत होतं. कामं भराभर उरकत होती, वजन उतरत होतं, ऑफिसमध्ये "किती फ्रेश दिसतेस" असं ऐकायला मिळत होतं. मग रात्री दोनला उठून मी कपाटं आवरायला लागले. डाव्या कुशीवर झोपलं की उशीत ठोके ऐकू यायचे. नेरूळ स्टेशनचा जिना चढून वर आलं की कठडा धरून उभं राहावं लागायचं. आणि तोंड सुटलं. आईला मी कधी जे बोलले नव्हते ते बोलून गेले, लेकीवर कारण नसताना ओरडले. डॉक्टरबाईंनी मला दोन्ही हात पुढे ताणून धरायला सांगितले आणि पसरलेल्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागदाच्या कडा फडफडायला लागल्या. पंखा बंद होता. टीएसएच जवळजवळ शून्यावर आलेलं. असंच चालू राहिलं तर हृदयाची लय बिघडते, आणि पाळी जायच्या वयात हाडं झिजतात, म्हणून मात्रा ताबडतोब उतरवली. पण लगेच बरं वाटत नाही. रक्तातलं थायरॉक्सिन निम्मं व्हायलाच सुमारे आठवडा लागतो, आणि नवी पातळी स्थिरावायला सहा ते आठ आठवडे. तेवढे दिवस माणसाने स्वतःला सांभाळायचं आणि इतरांनी त्याला.

त्या आठवड्यांत माझ्या लक्षात आलं, की थोड्या काळात मी आजीही होऊन आले आणि मावशीही. बाहेरून ज्याला आम्ही मंदपणा म्हणत होतो तो आतून कसा असतो, हे मला कळलं: आळस नसतो तो, उठायची इच्छा असते, इच्छा आणि हात यांच्यामध्ये काहीतरी जड पडलेलं असतं. आणि तापटपणा आतून भीतीसारखा असतो. छाती धडधडतेय, घाम फुटलाय, म्हणजे काहीतरी संकट आलंय असं शरीर ओरडून सांगत असतं आणि संकट तर कुठे दिसत नाही. मग समोर जो असेल त्याच्यावर ते निघतं. रक्तातल्या काही मायक्रोग्रॅमच्या फरकाने माणूस एवढं हलतं, तर मग स्वभाव म्हणून आपण एकमेकांना जे चिकटवतो त्यातलं खरं किती?

या प्रश्नाने मला बरेच दिवस छळलं. पण त्याचं सोपं उत्तर मला नको आहे. आजी म्हणजे वाढलेलं टीएसएच, मावशी म्हणजे उतरलेलं टीएसएच, असं म्हणून मोकळं होणं त्या दोघींवर दुसऱ्यांदा अन्याय करण्यासारखं आहे. आजी न थकता गोष्टी ऐकून घ्यायची, मुलांना मधे तोडायची नाही, कुणाची चुगली तिच्या तोंडून बाहेर पडायची नाही. हे काही ग्रंथी देत नाही. आणि तिची तपासणी कधी झाली नाही, त्यामुळे मी जे म्हणते आहे ते लक्षणांवरून, एवढं लक्षात ठेवलं पाहिजे. तरी ती शाल, तो आवाज, त्या भुवया, ती पावलं एकत्र ठेवली की माझ्या मनात शंका राहत नाही.

औषध नव्हतं असंही नाही, हे जास्त बोचतं. 1891 साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून एका 46 वर्षांच्या बाईला बरं केलं होतं. ती त्यानंतर 28 वर्षं जगली. 1914च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत केंडल यांनी थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळं काढलं. 1927 साली ते प्रयोगशाळेत बनवताही आलं. रक्तातली एवढी सूक्ष्म मात्रा मोजायची रीत मात्र रोझालिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी शोधली ती 1960च्या सुमारास, आणि यॅलोबाईंना तिच्यासाठी नोबेल मिळालं 1977 साली. आजी वारली 1987 साली. गंमत नव्हे, वेदना वाटते ती याची, की तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, त्याच वाईत, मराठी विश्वकोशाचं काम चाललं होतं, आणि 1976 साली निघालेल्या त्याच्या पहिल्याच खंडात अवटु ग्रंथीवर नोंद आहे. सगळं मराठीत लिहून ठेवलेलं होतं. फक्त शाल घेऊन बसलेल्या बाईकडे बघून ते कुणाला आठवलं नाही.

शेजारच्या काकू नेरूळ गावातल्या, आगरी. त्यांच्या सासरची पूर्वी मिठागरं होती. "आमी समिंदराचा मीठ खाल्ला, आमाला कसा व्हईल?" असं त्या म्हणतात. समुद्राच्या मिठात आयोडीन असेल असं वाटतं खरं, पण मीठ पिकता पिकता ते नाममात्र उरतं; मिठात आयोडीन वरून घालावंच लागतं. डॉ. रामलिंगस्वामींनी 1956 पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड हटवून दाखवले, त्यातूनच 1962 साली राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. मीठ घरी पोचतं तेव्हा त्यात निदान 15 पीपीएम आयोडीन असावं हा नियम त्याचंच फळ. पाणी बाधतं ही जुनी समजूत त्या डोंगराळ भागांपुरती अगदीच चूक नव्हती. आमच्या घरात जे आलंय ते पाण्यातून नाही आलेलं.

लेक वीस वर्षांची आहे. एका फॉर्मवर 'घरात कुणाला आजार' असा रकाना भरताना तिने मान वर न करता विचारलं, "आई, मला पण होणार का?" मी डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं, म्हणून लगेच बोलू शकले. हा आजार एका जनुकाने येत नाही. पुष्कळ जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो आणि बाकीचं आयुष्यात काय घडतं त्यावर. डेन्मार्कमध्ये जुळ्यांचा अभ्यास झाला, त्यात हुबेहूब एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला ग्रेव्ह्ज झाला तर दुसऱ्याला तो सुमारे 35 टक्केच वेळा झालेला आढळला. सगळी जनुकं तीच, तरीही. म्हणजे धोका आहे, विधिलिखित नाही. दरवर्षी सगळ्या अँटीबॉडीज तपासत बसायचं कारण नाही. मान फुगली, पाळी बिघडली, कारण नसताना थकवा टिकला तर टीएसएच करायचं, आणि मूल हवं असेल तेव्हा आधी करायचं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आणि मी चिडले तर?" मी म्हटलं, "तर आधी तू का चिडलीस ते विचारीन." हे मी तिला मनापासून सांगितलं. लेकीच्या प्रत्येक जांभईत आजार शोधणारी आई व्हायची मला फार भीती वाटते. स्वभावाच्या नावाखाली आजार झाकला गेला, आता आजाराच्या नावाखाली मुलीचं म्हणणं झाकलं जायला नको.

आईनेही शेवटी रक्त दिलं. तिचं टीएसएच थोडं वर निघालं, सहाच्या पुढे. मला वाटलं, आता गोळी. डॉक्टरबाई म्हणाल्या, "शहात्तराव्या वर्षी एवढं चालतं, टी-4 चांगलं आहे, काही द्यायचं नाही. काही महिन्यांनी पुन्हा बघू." घरी येताना रिक्षात आई समाधानाने म्हणाली, "म्हणजे मी हळू चालते ती म्हातारी झाले म्हणून. झालं?"

त्याच संध्याकाळी मेथी निवडताना ती आपण होऊन बोलायला लागली. पुण्याची माझी भाची, बहिणीची मुलगी, पाच महिन्यांची गरोदर आहे. विषय तिचा चालला होता. आई म्हणाली, "आमची आई आधी अशी नव्हती गं."

"आधी म्हणजे?"

"धाकटीच्या आधी. मी आठ-नऊ वर्षांची असेन. भरलेली कळशी कमरेवर आणि एक डोक्यावर, अशी घाटाच्या पायऱ्या चढायची. मला तिच्यामागे पळावं लागायचं. हसायची केवढ्यांदा. मग धाकटी झाली, आणि बाळंतपणानंतर ती जी बसली ती बसलीच. आधी महिना-दोन महिने नुसती रडायची, चिडायची, झोपायची नाही. मग गप्प झाली. सगळे म्हणाले, तिसरं बाळंतपण, अंगावर निघालं. मग म्हणायचे, थकली. मग कुणी काही म्हणेनासं झालं."

मी हातातली जुडी खाली ठेवली. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात थायरॉइडला सूज येते, साधारण शंभरात पाचजणींना, आणि अँटीबॉडीज असलेल्या बायकांना कितीतरी जास्त. आधी साठलेलं हार्मोन एकदम सांडतं: धडधड, चिडचिड, निद्रानाश. मग साठा संपतो आणि सगळं मंदावतं. पुष्कळजणी आपोआप बऱ्या होतात. काहीजणींची ग्रंथी परत उठतच नाही. आईने मला त्या आजाराचा क्रम पाठ म्हणून दाखवल्यासारखा सांगितला होता, त्याचं नाव न ऐकता, साठ-पासष्ट वर्षं मनात ठेवून. आम्ही नातवंडं जिला 'आजीचा स्वभाव' म्हणत होतो, त्या गोष्टीला सुरुवात होती. 1958चं साल होतं. आणि जी पायऱ्या चढायची, मोठ्याने हसायची ती आजी आम्हाला कुणीच दाखवली नव्हती.

मी भाचीला फोन लावला. पहिल्या तीन महिन्यांत बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर असतं, म्हणून तिचं टीएसएच तेव्हाच झालं होतं आणि चांगलं होतं. आता मी आजीपासूनचं सगळं सांगितलं. तिने ते आपल्या डॉक्टरांना सांगितलं, अँटीबॉडीज तपासल्या, त्या निघाल्या. फाइलवर लिहिलं गेलं: गरोदरपणात दर काही आठवड्यांनी टीएसएच, बाळंतपणानंतर तीन आणि सहा महिन्यांनी पुन्हा, आणि जन्मानंतर बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन तपासणी. रिपोर्टचं सांगायला तिचा फोन आला तेव्हा तिचा आवाज जरा उतरलेला होता. आईने माझ्या हातातून फोन घेतला.

"हे बघ," आई म्हणाली, "आपल्या घरात हे आहे, आणि आता आपल्याला माहीत आहे. बाळंतपणानंतर रडू आलं, झोप गेली, हातापायातलं बळ गेल्यासारखं वाटलं, तर 'असंच असतं' म्हणणाऱ्या कुणाचं ऐकायचं नाही. मी म्हटलं तरी ऐकायचं नाही. सरळ रक्त द्यायला जायचं."

पलीकडून भाची काहीतरी म्हणाली. आईने हुंकार दिला, आणि डोहाळजेवण कुठल्या रविवारी धरलंय ते विचारलं.